रविवारी रायडिंग लॉन मोवरची देखभाल

सदस्यहो,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता शेडमध्ये मोवरची (बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्राची) देखभाल आहे. जे मोवर चालवतात त्या सर्वांनी यावे. शनिवारी संध्याकाळनंतर तो कुणीही बाहेर काढू नये. इंजिन थंड हवे.

पात्याला हात लावण्याआधी चावी काढा, पार्किंग ब्रेक लावा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचे नाही, स्टँड लावायचेच.

- पाते: दोन्ही टोकांना सारखी धार. मधल्या भोकात खिळा घालून आडवे टांगा. जी बाजू खाली जाते ती थोडी घासा. असमतोल पाते थरथरते आणि स्पिंडलचे (पाते फिरवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग खाते. बेअरिंग बदलणे किती किचकट असते ते सांगायला नको.
- ऑइल: मॅन्युअलमध्ये वेगळे नसेल तर मोवर दर ५० तास चालल्यावर बदला. जास्त भरले की पांढरा धूर येतो.
- टायर: हवा कमीजास्त असली की गवत तिरके कापले जाते.
- पेट्रोल: शेडबाहेर, इंजिन थंड असतानाच भरा.

सीटखालचा सेफ्टी स्विच वायर जोडून निकामी करू नये. चालक उठताच पाते थांबते ते त्याच्यामुळेच.

हातमोजे आणि बंद बूट आवश्यक.