सातपुड्यातल्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टर काकांना

कंडक्टर काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं, पण विसाव्या वर्षी ते सुचलं नाही. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. शहादा, तळोदा, धडगाव भागातल्या कुणाच्या वाचनात आलं तर तुमच्यापर्यंत पोचेल. एव्हाना तुम्ही निवृत्त झाला असाल.

२०१२ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आमच्याकडे देवगडला आंबा आवरत आला होता. पेट्या भरायच्या कामातून मोकळी झाले आणि एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा सात दिवसांचा पास काढून निघाले. १९८८ पासून ही योजना आहे. एकदा पैसे भरले की आठवडाभर कुठलीही गाडी पकडा. आईचा जीव खालीवर होत होता. बाबा एवढंच म्हणाले, “जा, पण रोज रात्री फोन व्हयो.”

फोंडाघाट चढून कोल्हापूर, मग पुणे, नाशिक, धुळे. चौथ्या दिवशी दुपारी शहाद्याच्या स्टँडवर तुमची गाडी दिसली. पाटीवरचं गाव मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणूनच चढले. ही मुक्कामी गाडी आहे, रात्री तिथेच थांबून पहाटे परत फिरते, हे कुणाला विचारलंच नाही. धडगावच्या पुढे अंधार पडला, मोबाईलची रेंज गेली, आणि एकेक जण उतरत गाडीत मी एकटीच उरले.

तुम्ही येऊन विचारलंत, “कुणाकडे जायचंय, पोरी?”

“कुणाकडेच नाही.”

त्या चार दिवसांत हे उत्तर मी बऱ्याच जणांना दिलं होतं. पुढचं वाक्य ठरलेलं असायचं: एकटीच? घरच्यांनी पाठवलं कसं? तुम्ही तसं काही बोलला नाहीत. पास मागितलात, दिव्याखाली धरून नीट वाचलात आणि म्हणालात, “आवडेल तिथं लिहिलंय. मग आता आमचं गाव आवडून घे.” काका, मला त्या क्षणी रडू येणार होतं, ते त्या वाक्याने थांबलं.

गाडी उभी राहिल्यावर तुम्ही ट्रेमधली चिल्लर मोजलीत, वेबिल भरलंत, आणि मला घेऊन ड्रायव्हर काकांसोबत ज्या घरी तुमची रोजची भाकरी असायची तिथे गेलात. त्या घरातल्या अंगणवाडीच्या ताईंशी तुम्ही पावरी बोलीत काहीतरी बोललात. मला एक शब्द कळला नाही. पण ताईंनी माझ्या हातातली सॅक काढून घेतली, त्याचा अर्थ कळला.

अंगणात कंदिलाभोवती चार बायका कैऱ्या सोलत होत्या. सोललेल्या कैरीच्या फोडी पाटीत पडत होत्या, आणि पलीकडे उतारावर दिवसभर वाळलेल्या फोडी अंधारातही पांढुरक्या दिसत होत्या. धडगावचं आमचूर ते हेच. मी मात्र बघितल्याबरोबर ओरडले, “ही तर आंबोशी!” माझी आजी दरवर्षी करते, माशाच्या आमटीत घालायला. आमच्याकडे ती घरापुरती, बरणीभर. इथे त्यावर पावसाळ्याआधीचा बाजार आणि घरखर्च चालत होता.

मग मीही सुरी घेऊन बसले. शेजारच्या मावशींच्या मनगटावर चिकाचा काळा डाग होता, कातडी भाजल्यासारखा. अगदी तसाच डाग माझ्या बाबांच्या गालावर आहे, झेल्यातून आंबा उतरवताना चीक उडाला तेव्हाचा. मी बोटाने तो डाग दाखवला, मग माझा गाल दाखवला आणि ‘बाबा’ म्हटलं. मावशींना समजलं. त्यांनी माझा हात ओढून पालथा केला, बोटांवर चीक लागलाय का पाहिलं आणि मोहाचं तेल चोळलं. आमच्याकडे खोबरेल लावतात.

आंबा म्हणजे हापूस, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. डझनाचा भाव, पेटी, वाशीचा बाजार, आत साका, म्हणजे खराब झालेला गर, निघाला की तोंडं पडणं. आंब्याचं सगळं आपल्याला कळतं असं वाटायचं. त्याच आंब्यावर जगणारी दुसरी माणसं, आपल्याच राज्यात, इतकी लांब असतील हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं पटवलं नसतं.

पहाटे परतताना तुम्ही खिडकीबाहेर हात करून म्हणालात, “त्या डोंगरांमागं नर्मदा.” मी म्हटलं, नर्मदा मध्य प्रदेशात आहे ना? तुम्ही सांगितलंत की महाराष्ट्राच्या कडेने ती ५४ किलोमीटर वाहते, आणि सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपलीही तेहतीस गावं आली, पहिलं मणिबेली. परीक्षेला मी महाराष्ट्राच्या नद्या तोंडपाठ केल्या होत्या. त्यात हे नव्हतं.

धडगावला रेंज आल्याबरोबर तुमचं पहिलं वाक्य होतं, “आधी घरी फोन लाव.” रात्रभर आई-बाबा जागे होते. माझा आवाज ऐकून बाबा चिडायच्या बेतात होते, तेवढ्यात तुम्ही फोन मागितलात. “साहेब, तुमची मुलगी आमच्या घरच्यासारखी होती. धुळ्याच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो.” शहाद्याला खरोखरच पुढच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली केलंत. त्यांनी धुळ्यात तिसऱ्यांना सांगितलं. अशी मी हातोहात घरी पोचले.

घरी बोलणी खाल्ली. पण बाबा शेवटी म्हणाले, “माणूस चांगलो आसा तो.” त्यानंतर मी हिमाचलला गेले, केरळला गेले, आणि त्यांनी कधी अडवलं नाही. हे सगळं तुमच्या त्या दोन मिनिटांच्या फोनमुळे झालं. त्याबद्दलच मुख्यतः मला आभार मानायचे आहेत.

आता मी गाडी करून जाते. राहायची खोली आधी ठरलेली असते, सोबत मुलगा असतो. फिरणं चांगलंच होतं, पण आता कुणी मला अंगणात बसवून हातात सुरी देत नाही. विसाव्या वर्षी आपण अजून कुणीच नसतो. पैसा नसतो, हुद्दा नसतो, भूक लागलेली असते. म्हणून माणसं घरात घेतात, आणि आपणही सांगतील ते ऐकतो, देतील ते खातो. ते वय गेलं की तो दरवाजा पुन्हा तसा उघडत नाही. माझ्या भावाला मी हेच समजावतेय, त्याच्या मुलीसाठी. ती एकोणीस वर्षांची आहे. “नोकरी लागली की फिरेल,” असं तो म्हणत होता. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तिला तर पासाचीही गरज नाही.

शेवटी तो तयार झाला. शनिवारी ती देवगडहून निघतेय. तिच्या सॅकमध्ये मी आजीच्या पद्धतीच्या आंबोशीची एक पुडी ठेवलीय. अंगणवाडीच्या त्या ताई आणि मनगटावर डाग असलेल्या मावशी भेटल्या तर द्यायला. गावाचं नाव तिला सांगितलंय, इथे मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही शहाद्याच्या स्टँडवर कधी सहज चहाला येत असाल, तर हिरवी सॅक घेतलेली मुलगी दिसली की हाक मारा. पुडीवर तुमचाही वाटा आहे.

तुमची,
देवगडची ती मुलगी