पाव मैलाची गोष्ट

लाँग बीच, कॅलिफोर्निया

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं. बायपासवर रात्री आरएक्स पळवणाऱ्या पोरांना नुसतं पकडू नका, त्यांना जागा द्या, असं तू बैठकीत म्हणालास आणि सगळे हसले. हसू देत. माझ्या घराशेजारी विल्मिंग्टनला नेमकं हेच झालं होतं, आणि तेही लायन्स क्लबनं केलं! आपल्याकडं लायन्स म्हटलं की मोतीबिंदूचं शिबिर. इथल्या बंदर भागातल्या लायन्स मंडळींनी रस्त्यावरच्या शर्यती थांबवायला 1955 साली चक्क ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेत गाड्यांची शर्यत लावायची पट्टी, उभी केली. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, पळायचं आणि पुढं थांबायला मोकळा पट्टा. मिळकत धर्मादाय कामाला.

चालवायला गडी मिळाला मिकी थॉम्पसन, स्वतः गाड्या बांधणारा. पुढं 1960 मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानं ताशी 400 मैलांच्या वर गाडी नेली.

समुद्र जवळ, त्यामुळं हवा गार आणि दाट, इंजिनाला जोर जास्त. घाट चढताना आपली राजदूत कशी गुदमरायची आठवतंय? त्याच्या बरोब्बर उलटं.

पण खरी गोष्ट 8 मार्च 1970 ची. तेव्हाच्या ड्रॅगस्टरला, म्हणजे या शर्यतीसाठीच बांधलेल्या लांबड्या गाडीला, स्लिंगशॉट म्हणत, म्हणजे आपली बेचकी. इंजिन पुढं आणि ड्रायव्हर मागच्या चाकांच्याही मागं, बेचकीत दगड धरावा तसा. गिअरबॉक्स पायांपाशी. डॉन गार्लिट्स या नावाजलेल्या ड्रॅग रेसरनं गाडी सोडली आणि तो गिअरबॉक्सच फुटला. गाडीचे दोन तुकडे, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. आणि हा बहाद्दर इस्पितळात पडल्या पडल्या इंजिन मागं कसं टाकायचं याचा विचार करतोय! ते आधीही लोकांनी करून पाहिलं होतं, पण तशी गाडी सरळ जायचीच नाही. याचीही वळवळली. शेवटी स्टिअरिंग मंद केलं, हात जास्त फिरवला तर चाक थोडंसं वळेल असं, आणि गाडी सुतासारखी धावली. 1971 मध्ये तो तिच्यावर जिंकायला लागला. चार-पाच वर्षांत बेचकी मोडीत. लेका, आपण असतो तर इंजिनच्या खटपटीत बसलो असतो, स्टिअरिंगकडं बघितलंही नसतं.

मग आवाजाच्या तक्रारी वाढल्या, जागा बंदराला हवी होती. 2 डिसेंबर 1972 ला शेवटची शर्यत. तुफान गर्दी, लोकांनी आठवण म्हणून हाताला लागेल ते उचलून नेलं म्हणतात. आता तिथं कंटेनर रचलेत. मागच्या रविवारी जाऊन आलो, कुंपणाबाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

तर मर्दा, एमआयडीसीमागचा तो रस्ता टेप धरून मोज. पळायला पाव मैल, थांबायला त्याहून जास्त. आणि वस्ती किती लांब आहे, ते त्याच्याही आधी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुन्या