मागे वळलेल्या हँडलविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पन्हाळ्याला जाऊन कोल्हापुरात परत येईपर्यंत दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि अनामिका बधिर होतात, म्हणून माउंटन बाइकचे सरळ हँडल काढून मागे वळलेले हँडल बसवावे असे तू ठरवले आहेस, आणि ते किती अंशांचे घ्यावे एवढेच मला विचारले आहेस. माझे मत आधीच सांगून टाकतो. अंशांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो पहिला नव्हे. हँडल मागे वळले की त्यावरचे हातही मागे येतात, हात मागे आले की पाठ ताठ होते, पाठ ताठ झाली की वजन सीटवर आणि मागच्या चाकावर जाते. म्हणजे बदलायला निघालो मनगटाचा कोन आणि बदलली सगळी बैठक, असे होते. म्हणून हँडल आणि स्टेम, म्हणजे हँडल पुढच्या काट्याला जोडणारा आखूड दांडा, या दोन वस्तू नसून एकच खरेदी आहे, असे धरून चाल.

त्याआधी बधिरपणाविषयी थोडे लिहितो. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना ज्या नसेकडे असते, ती अल्नर नस मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून, एका अरुंद जागेतून जाते. शरीराचा भार नेमका त्या उंचवट्यावर पडत राहिला की ती नस दबते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असते, तर मी दुसऱ्या, म्हणजे मीडियन नसेविषयी लिहिले असते. आता भार तिथे का पडतो, याचे कारण पुष्कळदा हँडलात नसून सीटमध्ये असते. सीटचे नाक किंचित जरी खाली झुकलेले असले, तरी माणूस नकळत पुढे घसरत राहतो आणि ते घसरणे हातांनी थोपवत बसतो. तेव्हा गवंड्याकडची पाणसळ आण, सायकल सपाट फरशीवर उभी कर, सीटवर एक पट्टी ठेवून पातळी बघ आणि मगच पैशाची गोष्ट काढ. आणखी एक, सायकलवरून उतरल्यावर काही वेळाने बधिरपणा जात असेल तर ठीक. पण तो दुसऱ्या दिवशीही राहत असेल, किंवा शर्टाचे बटण लावताना बोटांत जोर कमी वाटत असेल, तर हँडलाआधी डॉक्टर गाठ.

सीट सपाट निघाली आणि तक्रार तशीच राहिली, असे धरून पुढचे लिहितो.

तुझ्या सायकलवर आहे तसल्या सरळ हँडलालाही थोडा मागचा वळसा असतोच. बहुतेक माउंटन बाइकांवर तो सात ते नऊ अंशांचा असतो. हे हँडल ज्या पवित्र्यासाठी घडले आहे, तो म्हणजे सीटवरून उठलेले शरीर, छाती खाली आणि कोपरे बाहेर काढलेली. कोपरे बाहेर असली की अग्रबाहू, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात, बाहेरून आत येतात आणि मूठ सरळ नळीवर बिनतक्रार बसते. दगडधोंड्यांच्या उतारावर याच पवित्र्याला तोड नाही. पण तू तर डांबरी रस्त्यावर, सीटवर बसून, कोपरे बरगड्यांजवळ घेऊन तासन्‌तास पायडल मारतोस. त्या बैठकीत अग्रबाहू आतून बाहेर जातात, आणि सरळ नळी पकडायची तर मनगट अंगठ्याच्या बाजूला मुडपावे लागते. मुडपलेल्या मनगटावर भार आला की तो तळहातभर पसरत नाही, एका कडेला साचतो.

तुझे मनगट किती वळसा मागते हे घरीच कळते. सायकलवर बैस, कुणाला तरी मागून सीट धरायला सांग, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल घट्ट धर आणि डोळे मिटून, हँडलाला न टेकता, हात जिथे सुखाने राहतील तिथे पुढे कर. पेन्सिली कधीच एका रेषेत येणार नाहीत. करंगळीकडची टोके मागे आणि थोडी खाली झुकलेली दिसतील. वरून फोटो काढून कोन मोज. बसण्याची पद्धत आणि खांद्यांची रुंदी यांप्रमाणे तो माणसागणिक बदलतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाचे माप तुला लागू पडेलच असे नाही, माझेही नाही.

हे काही नवे फॅड नाही, हे सांगायचा मोह आवरत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीची काळी सायकल आठव, जिच्या मुठी थेट मांडीकडे वळलेल्या असत आणि ब्रेकच्या सळ्या हँडलाखालून जात. त्या आकाराला इंग्लंडात नॉर्थ रोड म्हणतात, आणि दुधाच्या किटल्या लावून पहाटेपासून हिंडणाऱ्या गवळ्यांनी त्याबद्दल कधी कुरकूर केल्याचे मी ऐकलेले नाही. खुद्द माउंटन बाइकचा जन्मही मागे वळलेल्या हँडलाच्या सायकलींतूनच झाला. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली मंडळी श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडत. 1976 मध्ये त्यांनी रिपॅक नावाची उताराची शर्यतही सुरू केली. त्या वेगात ताबा राहावा म्हणून त्यांनी मोटरसायकलीच्या धर्तीची रुंद हँडले बसवली, पुढे 1990च्या दशकात शर्यतींमुळे हँडल आखूड आणि जवळजवळ सरळ झाले, आणि आता ते पुन्हा 780 - 800 मिलिमीटरांपर्यंत रुंदावले आहे. या साऱ्या फेरफारांत शर्यतवाल्यांची सोय पाहिली गेली. बसून लांब जाणारा तुझ्यासारखा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता.

आता बाजारातल्या प्रकारांविषयी. एसक्यूलॅब या जर्मन कंपनीची हँडले 12 आणि 16 अंशांत मिळतात. दिसायला ती साध्या हँडलासारखीच असतात, आणि तुझा स्टेम, केबली, ब्रेक यांतले बहुधा काहीच बदलावे लागत नाही. साल्सा कंपनीचे बेंड नावाचे हँडल 17 आणि 23 अंशांत येत असे. त्यापुढे सर्ली कंपनीचे मोलोको, 34 अंशांचे आणि 735 मिलिमीटर रुंद, पोलादी आणि म्हणून जड, पण स्टेमच्या पुढे दोन शिंगे आणि एक आडवी कमान असलेले. आणि 45 अंशांवर जेफ जोन्स या अमेरिकी सायकलकाराचे एच-बार, ज्याच्यामुळे हा सगळा प्रकार माउंटन बाइकवाल्यांत पुन्हा रुजला. हे बहुतेक बाहेरून मागवावे लागते आणि आयातकर धरून किंमत चटका लावते.

अंशांतला फरक कागदावर लहान दिसतो, म्हणून तो मिलिमीटरमध्ये सांगतो. मुठीची लांबी 130 मिलिमीटर धरली, तर नऊ अंशांच्या हँडलावर मुठीचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा सुमारे 20 मिलिमीटर मागे असते. 45 अंशांवर तेच अंतर सुमारे 92 मिलिमीटर होते. पण तुला खरे बघायचे आहे ते हे नव्हे. स्टेम जिथे हँडल पकडतो त्या रेषेपासून तळहाताचा मध्य किती मागे येतो, हे बघायचे आहे. काही हँडले स्टेमपासून आधी पुढे जातात आणि मग मागे वळतात, त्यामुळे वळसा मोठा असूनही हात फार मागे येत नाहीत. काही पहिल्या इंचापासूनच मागे निघतात आणि हात पार पोटाशी आणून ठेवतात. अंश दोघांचे सारखे असू शकतात. कंपनीच्या आराखड्यात हे माप दिलेले असते. नसेल तर दुकानात दोन्ही मुठींच्या मध्यावर एक सरळ काठी आडवी ठेवून मोजता येते.

समज, नवे हँडल तुझे हात सध्यापेक्षा 50 मिलिमीटर मागे आणत असेल आणि तुला आताची पाठीची ठेवण बरी वाटत असेल, तर स्टेम साधारण तेवढाच लांब हवा. तुझा स्टेम 60 मिलिमीटरचा आहे असे तू लिहिलेस. म्हणजे 100 - 110 चा घ्यावा लागेल. लांब स्टेमने हँडल सुस्त होते, असे तुला दुकानात कुणीतरी ऐकवेल. सरळ हँडलाच्या बाबतीत ते खरे आहे. पण सायकल वळवताना महत्त्व असते ते, हँडल ज्या आसाभोवती वळते त्यापासून हात किती पुढे किंवा मागे आहेत याला. स्टेमने हात पुढे नेले आणि हँडलाने ते परत मागे आणले, तर हात होते तिथेच राहतात आणि सायकल पूर्वीसारखीच वळते. उलट आखूड स्टेमवर 45 अंशांचे हँडल बसवलेस तर उभ्या चढावर पुढचे चाक हलके पडून भरकटेल, सीटवर भार वाढून बुड दुखू लागेल, आणि उभे राहून पायडल मारताना गुडघे मुठींवर आपटतील.

खरेदीआधी व्यास तपास. स्टेमच्या पकडीत तीन मापे आढळतात: 25.4, 31.8 आणि 35 मिलिमीटर. मुठीच्या जागी नळी 22.2 मिलिमीटरची हवी, तरच तुझे ब्रेक आणि गियरचे शिफ्टर तिच्यावर चढतील. रेसिंग सायकलच्या वाकड्या हँडलाची नळी 23.8 ची असते, ती चालणार नाही. शिवाय ग्रिप (मुठीवरचे रबर), ब्रेक आणि शिफ्टर मिळून प्रत्येक बाजूला वीसेक सेंटिमीटर सरळ नळी लागते, कारण लिव्हरची पकड वळणावर नीट बसत नाही. लेडीज सायकलचे स्वस्त पोलादी हँडल बसवून बघावे का, असे तू विचारलेस. गावातल्या गावात फिरायला बसव खुशाल. पण ते अरुंद असते, आणि खाचखळग्यांतून जाताना त्यावर माझा जीव टांगून ठेवायला मी तयार होणार नाही.

बसवताना मुठी जमिनीला समांतर ठेवून सुरुवात कर आणि मागची टोके हळूहळू खाली झुकव. पाच-दहा अंशांच्या आतच मनगटाला बरे वाटणारी जागा सापडते. टोके वर उचललेली दिसायला रुबाबदार, पण मनगट मागे मोडते. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे चारही बोल्ट आळीपाळीने, वर-खाली सारखी फट ठेवत आवळ, आणि स्टेमवर छापलेल्या आवळण्याच्या जोराच्या मर्यादेपलीकडे जाऊ नकोस. ती बहुधा पाच-सहा न्यूटन-मीटर असते. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ. तुझे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणारे आहेत. नळ्या ताणल्या जात असतील तर लांब नळ्या टाकून ब्रेकमधली हवा काढून घ्यावी लागेल, आणि तो खर्च आताच हिशेबात धर. पंख असलेली रुंद ग्रिप आज तुझ्या सरळ हँडलावर उपयोगी आहे, पण मोठ्या वळशाच्या हँडलावर तो पंख भलतीकडे टेकतो. तिथे साधी, जाडसर, गोल ग्रिपच बरी.

राहता राहिला तुझा निवडीचा प्रश्न. नुसत्या रविवारच्या पन्हाळ्यासाठी विचारले असतेस, तर 16 अंशांचे हँडल घे आणि गप्प बैस, असे लिहिले असते. पण हिवाळ्यात तू सागरी मार्गाने रेवसहून रेड्डीपर्यंत जाणार आहेस. तिथे आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या तरीने ओलांडताना काय ती विश्रांती, एरवी प्रत्येक खाडीपाशी उतार आणि पलीकडे लगेच खडा चढ, आणि दिवसभर हात हँडलावर. अशा प्रवासात कोणताही एक कोन, कितीही अचूक असला, तरी दुपारपर्यंत छळू लागतो. तिथे उपयोग असतो हात बदलायच्या जागांचा. म्हणून मी मोलोकोच्या जातीचे हँडल सुचवतो: चढावर वळणापाशी आत धरावे, सपाटीवर मागच्या मुठी, समोरून वारा आला की शिंगे, आणि पुढच्या कमानीला छोटी पिशवीही बांधता येते. मात्र शिंगांवर हात असताना ब्रेक बोटांशी नसतो, तेव्हा उतारावर किंवा गावातून जाताना तिथे हात नेऊ नकोस. जोन्सचे 45 अंश तुझ्या मनगटाला कदाचित अधिक मानवतील, पण पन्हाळ्याच्या आसपासच्या खडकाळ पायवाटांवर तू अजूनही जातोस, आणि कोपरे बाहेर काढून सायकल दाबायची वेळ आली की एवढ्या वळशावर सरळ हँडलाइतका जोर मिळत नाही. पेन्सिलीने 40 च्या पुढचा कोन दाखवला, तरच मी मत बदलीन.

तर आता पेन्सिलींचा फोटो, स्टेमच्या पकडीचा व्यास आणि तुझ्या सध्याच्या ग्रिपच्या मध्यापासून सीटच्या नाकापर्यंतचे अंतर, एवढे कळव. माझ्याकडे 90 आणि 110 मिलिमीटरचे दोन 31.8 चे जुने स्टेम पडून आहेत. व्यास जुळला तर एसटीच्या पार्सलने दोन्ही पाठवतो, एक ठेव आणि एक परत कर. वहिनींना नमस्कार, आणि सीट मागून धरायला त्यांनाच सांगणार असशील तर आधी त्यांची परवानगी घे.

तुझा,
पुणेकर मित्र