आशाताई, माझ्या लेकराच्या घोटभर पाण्यासाठी तुमचे आभार

आशाताई, नमस्कार.

आपल्या अकोल्याकडे एप्रिल म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पारा ४४ च्या वर, आणि नेमकं त्याच दिवसांत बाळाचं उष्टावण आलं. त्याआधी घरात रोज एकच विषय असायचा: एवढ्या उन्हात लेकराला घोटभरही पाणी नाही? सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं पाणी नको, हे तुम्ही सासूबाईंना शांतपणे समजावलंत. आईच्या दुधातच ८७-८८ टक्के पाणी असतं, मागेल तेव्हा पाजू द्या, सुनेला मात्र तहानलेली ठेवू नका, एवढंच बोललात. तेव्हापासून मी पाजायला बसले की सासूबाई पाण्याचा तांब्या माझ्याजवळ आणून ठेवतात.

वरचं अन्न सुरू झालं आणि वेगळीच काळजी लागली. मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व बाळ आवडीनं खायचं, पण चमच्यानं पाणी घातलं की सगळं गळपट्टीवर. शी खड्यासारखी घट्ट व्हायला लागली. शेजारच्या एकदोघींनी बाटली आणायला सांगितलं. मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही भर उन्हात घरीच आलात.

तुम्ही त्याला मांडीवर ताठ बसवलंत आणि स्टीलची छोटी वाटी त्याच्या खालच्या ओठाला टेकवलीत. पाणी ओठाला लागेल एवढीच तिरपी केलीत, तोंडात ओतलं नाहीत. त्यानं जीभ बाहेर काढली, पाणी चाटलं, मग ओठ पुढे करून चक्क एक घोट घेतला! मी बघतच राहिले.

दिवसाला किती मिली द्यायचं, हे मला हवं होतं. तुम्ही म्हणालात, अंगावरचं दूध चालू आहे तोवर मोजत बसू नका, जेवताना आणि मधूनमधून उकळून गार केलेलं पाणी पुढे करा, आणि लंगोट बघा. घरात डायपर नको, सुती लंगोट बांधा, म्हणजे शू किती वेळा झाली आणि रंग कसा आहे ते कळतं. दिवस-रात्र मिळून सहा तरी ओले लंगोट, आणि शू फिकट. पिवळीजर्द झाली तर आणखी पाजा. या एका खुणेनं माझी झोप परत आली, ताई.

नुसतं वरणाचं पाणी पाजून पोट भरू नका, खाली बसलेली डाळच घोटून द्या, हेही तुमचंच सांगणं. चहा-बिस्कीट बंद झालं, कारण चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. साखरेचं सरबतही बंद.

जुलैत जुलाब लागले तेव्हा घरात सगळे दातांवर ढकलून मोकळे झाले होते. तुम्ही म्हणालात, दातांनी जुलाब होत नाहीत, तोंडात जाणाऱ्या हातांनी आणि पाण्यानं होतात. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात तुम्ही स्वतः कालवून दाखवलंत, उरलेलं २४ तासांनी फेकायला सांगितलंत. दर जुलाबानंतर वाटीभर, तेही चमच्याचमच्यानं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. अंगावर पाजणं बंद करायचं नाही. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करायला लावल्यात. टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, लघवी थांबली किंवा बाळ मलूल पडलं तर रात्र असो की पाऊस, सरळ दवाखाना गाठायचा, हे तुम्ही घरातल्या पुरुषांनाही बसवून सांगितलंत. ते मला फार मोलाचं वाटलं, कारण गाडी काढायची त्यांनाच असते.

तशी वेळ आली नाही. बाळ आता वाटी दिसली की दोन्ही हात पुढे करतं.

तुमच्या कामाचा मोबदला वेळेवर मिळावा, हे मी येत्या ग्रामसभेत उभं राहून बोलणार आहे. पाणी वाटीनं कसं पाजायचं ते जावेला आणि समोरच्या घरच्या बाळंतिणीला मी दाखवलंय. बाराव्या महिन्याच्या भेटीला याल तेव्हा जेवूनच जा, सासूबाईंचा निरोप आहे.

तुमची,
बाळाची आई