पाणी शिरलं नाही, मॅडम

मॅडम, सप्रेम नमस्कार.

परवा रात्री परतीच्या पावसानं इथं झोडपून काढलं. विजा, वारा, आणि अकरानंतर तर समोरचं घर दिसेना इतका पाऊस. तरी आमच्या खालच्या आळीत कुणी उठलं नाही. कुणी फ्रिज विटांवर चढवला नाही, पोरांची दप्तरं माळ्यावर टाकली नाहीत, मीटरचा खटका पाडला नाही. सकाळी दारं उघडली तर अंगणं ओली होती, बाकी काही नाही. पाणी ओढ्यानं गेलं. म्हणून आज लिहायला बसले. तुमच्या बदलीच्या दिवशी तोंडानं आभार मानायचे होते, पण रडू आवरेना आणि बोलायचं राहून गेलं. हे चारचौघांना कळावं असंही वाटतं, म्हणून उघड पत्र.

तुमचं नाव आणि कचेरी मुद्दाम लिहीत नाही. चांगलं काम करणाऱ्यालाही त्रास दिला जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

ज्यांना आमची जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुण्याच्या दक्षिणेला टेकडीच्या पायथ्याशी आमची जुनी वस्ती. बैठी घरं, काहींवर अजून पत्रे. वरच्या अंगाला पाचेक एकर रान होतं. निम्मं ज्वारीचं, निम्मं गवताचं. पाऊस पडला की बरंचसं पाणी तिथंच मुरायचं, उरलेलं ओढ्याला लागायचं आणि ओढा आमच्या परसामागून खाली निघून जायचा. पुढं ती जमीन विकली गेली. मुरमाचे डंपर यायला लागले. भराव पडत पडत आमच्या छपरांच्या वर गेला, त्याला धरायला उंच भिंत आली आणि ओढा त्या भरावाखाली गडप झाला. त्याच्या जागी टाकला एक बारा इंची पाइप. त्याचं तोंड उघडलं आमच्या आळीच्या डोक्यावर. वर इमारती झाल्या, काँक्रीटचे रस्ते, पार्किंग, पेव्हर ब्लॉक. मुरायला जागा राहिली नाही.

पहिल्याच पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी. नुसतं पाणी असतं तर एक वेळ उपसून टाकलं असतं. त्यात सिमेंटचा चिखल होता, मुरमाचा लाल गाळ होता, कुणाच्या तरी गटारातली घाण होती. भिंतीवर गाळाची रेघ उमटली ती दोनदा चुना मारला तरी आतून फुटून वर यायची. कणगीतले गहू फुगून उतू आले. शेजारच्या मुलीची दहावीची पुस्तकं दोरीवर चिमटे लावून वाळत घातली होती, पान न् पान सुटं करून. ते दृश्य आठवलं की अजून राग येतो.

तुमच्या आधीही माणसं येऊन गेली, मॅडम. एक साहेब आले ते ऐन जानेवारीत. कोरड्या खडखडीत आळीत उभे राहून म्हणाले, ‘इथं तर काहीच दिसत नाही.’ दुसरे गाडीतून खाली उतरलेच नाहीत. काच अर्धी खाली करून अर्ज घेतला आणि काच वर. तिसऱ्यांनी सांगितलं की हे आमच्याकडे येत नाही, आणि ज्यांच्याकडे पाठवलं त्यांनी पुन्हा त्यांच्याचकडे पाठवलं. बांधकामवाल्यांचा माणूस तर बेधडक म्हणाला, ‘पाणी उतारालाच जाणार. खालच्यानं वरच्याचं पाणी घ्यायचं असतं, कायदाच आहे तसा.’ आम्ही गप्प बसलो. कायदा म्हटलं की आमच्यासारख्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

आमची भीती नुसत्या पाण्याची नव्हती. २८-२९ जून २०१९च्या मध्यरात्री पुण्यातल्या कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या शेडवर कोसळली. १५ जीव गेले, त्यांत लहान लेकरंही होती. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आंबिल ओढ्याला लोंढा आला. कात्रजकडून निघालेलं पाणी अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठा नदीपर्यंत जे सापडेल ते घेऊन गेलं. शहरात आणि आसपास त्या पुरात वीसहून जास्त माणसं दगावली. आंबिल ओढ्याचा पूर आमच्या नात्यातल्या लोकांनी गच्चीवर बसून पाहिलेला आहे. आणि आमच्या उशाशी तशीच एक भिंत, तिच्यामागं तसाच दाबून टाकलेला ओढा. पाऊस सुरू झाला की आळीतली गडीमाणसं पाळीपाळीनं भिंतीकडं बॅटरी मारत बसायची. अर्जात हे सगळं लिहिलेलं होतं. अर्ज वाचतं कोण?

तुम्ही आलात त्या दिवशी पाऊस कोसळत होता. तुम्हाला कुणी फोन केला नव्हता. रेनकोट, गमबूट, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. आधी वाटलं, सर्वेक्षणाला आलेली कुणी पोरगी असेल. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो आमच्या अजून कानात आहे. ‘पाणी सगळ्यात आधी कुणाच्या घरात येतं?’ आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं की अर्ज कुणाच्या नावावर आहे.

सगळ्यात आधी पाणी येतं ते कोपऱ्यावरच्या आजींच्या घरात. आजी ऐंशीच्या पुढच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा वरचं रान त्यांच्याच भावकीचं होतं. ओढ्यावर धुणं धुतलेलं, गुरं पाण्याला नेलेली, त्याच्या काठानं जळण गोळा केलेलं. ओढा कुठून कुठं वाहायचा हे आळीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पण प्रत्येक पाहणीत ‘आजी, तुम्ही आत जाऊन बसा’ हेच त्यांच्या वाट्याला आलेलं. एकानं तर त्यांच्या तोंडावर म्हटलं, ‘म्हातारीला काय विचारता?’ त्यानंतर आजींनी पाहणीला येणाऱ्या माणसांसमोर यायचंच सोडून दिलं होतं.

तुम्ही त्यांच्या घरात शिरलात. पाणी घोट्याच्या वर होतं. आजी खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर देवांचा डबा. तुम्ही खाटेच्या कडेला टेकलात आणि म्हणालात, ‘आजी, ओढा कुठनं जायचा सांगा ना मला.’ आजींनी आधी आमच्याकडं पाहिलं. मग सुरू झाल्या. जांभळीखालून खाली यायचा, विहिरीला वळसा घालायचा, गाडीवाटेखाली दगडाची मोरी होती तिच्यातून निघायचा, भर पावसात दहा हात रुंद व्हायचा. तुम्ही लिहीत होता. पेन चालेना तेव्हा ओढणीला पुसून पुन्हा लिहीत होता. बाहेर आमच्यातलेच काहीजण घाई करत होते की मॅडम, आधी पाइप बघा, भिंत बघा. तुम्ही हातानंच थांबा म्हणालात.

आणि सगळं लिहून झाल्यावर तुम्ही वही उजेडाकडं धरून म्हणालात, ‘आजी, मी लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवते. चुकलं असेल तिथं थांबवा.’ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलंत. आजी मान हलवत ऐकत होत्या. विहिरीपाशी आल्यावर म्हणाल्या, ‘डाव्या नाही, उजव्या अंगानं जायचा.’ तुम्ही ती ओळ खोडली, नवी लिहिली, पुन्हा वाचली. मग खाली त्यांची निशाणी घ्यायला निघालात तर आजी म्हणाल्या, ‘अंगठा नको, सही येती मला.’ आणि पाण्यात पाय सोडून, वही गुडघ्यावर घेऊन त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

मॅडम, तुम्ही पुढं जे जे केलंत ते सगळं मोठंच आहे. पण आमच्या आळीत कुणी तुमचा विषय काढला की बोलणं याच गोष्टीवर येतं. आम्ही आजवर किती अर्ज केले, त्यांवर शिक्के पडले, पोच मिळाली. आमच्यापैकी कुणाचं म्हणणं लिहून घेऊन ते त्यालाच वाचून दाखवावं, चुकलं का विचारावं, असं आमच्या बाबतीत कधीच घडलं नव्हतं. आजींनी त्या दिवशी संध्याकाळी घरातला गाळ काढता काढता सगळ्यांना हाक मारून सांगितलं, ‘तिनं माझं खोडून नीट केलं.’ कितीतरी दिवस तेच सांगत होत्या.

नंतर जुना गावनकाशा निघाला आणि त्यात ओढा आजींनी सांगितला तिथूनच निघाला. विहिरीच्या उजव्या अंगानंच. तुम्ही त्या नकाशाची झेरॉक्स आजींना आणून दिलीत. ती त्यांनी देव्हाऱ्याशेजारी टाचणीनं लावलीय.

कचेऱ्यांतल्या बैठका, नोटिसा, तारखा, यांचं पुराण इथं सांगत बसत नाही. तुमच्यावर दबाव आला हे आम्हाला कळत होतं, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. पण जागेवरच्या त्या बैठकीतलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बांधकामवाल्यांच्या माणसानं पुन्हा तोच कायदा काढला. तुम्ही शांतपणे म्हणालात की १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीवरच्या हक्कांच्या कायद्यात, आहे ते नैसर्गिकपणे वाहत येणाऱ्या पाण्याबद्दल आहे. पाच एकरांचं पाणी गोळा करून एका तोंडातून शेजाऱ्याच्या दारात सोडणं नैसर्गिक कसं? आणि ओढा कुणाच्या सातबाऱ्यावर येत नाही, तो सरकारचा, तुम्ही जमीन विकत घेतली म्हणून तो बुजवायचा हक्क मिळत नाही. मग तुम्ही आमच्याकडं वळून आम्हालाही हिशेब समजावलात. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. पाच एकरांवर तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर दहा लाख लिटर. आणि पाइपची रुंदी दुप्पट केली तर पाणी दुप्पट नाही, त्याच उतारावर सहापटीहून जास्त जातं. म्हणजे चोवीस इंचाच्या जागी बारा इंची टाकला तर निम्म्याचं सोडाच, सहावा हिस्साही धड जात नाही. आमच्यातल्या रिक्षावाल्या दादांनी तो हिशेब रिक्षाच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय. आता कुणी कायदा सांगायला आलं तर आळीतली पोरंसुद्धा आकडे फेकतात.

भिंतीवर तुम्ही हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरलात तेही आठवतं. ‘पाणी झिरपायची भोकं कुठं आहेत?’ भोकं होती, पण प्लॅस्टर करताना बुजवून टाकलेली. भिंतीमागं पाणी तुंबलं की तिच्यावर किती रेटा येतो हे तुम्ही सांगितलंत आणि त्याच दिवशी आमच्या समोर पहिलं भोक फोडून घेतलंत. त्यातून लाल पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट पलीकडच्या पत्र्यावर. बघणाऱ्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. त्या भिंतीखाली आमची लेकरं झोपत होती.

ओढा आता पुन्हा उघडा आहे. दोन्ही बाजूंना दगडी बांधणी, रस्त्याखाली पाइप काढून चौकोनी मोरी, आणि वर सोसायटीच्या आवारात पाणी अडवून हळूहळू सोडायला हौद. त्यासाठी भराव खणला जात होता तेव्हाचीही माणसं मनात राहिली आहेत. जेसीबीवाला पोरगा बीडकडचा होता. आजींच्या परसातली जाई मध्ये येत होती, तर यंत्र बंद करून खाली उतरला, फावड्यानं मुळासकट काढली आणि स्वतः पलीकडं लावली. वरच्या सोसायटीतल्या लोकांचंही सांगायला हवं. त्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतलेत, ओढा त्यांनी बुजवलेला नाही. हौदासाठी पार्किंगच्या जागा सोडाव्या लागणार होत्या, तेव्हा त्यांच्या सभेत एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आपल्या गाड्या कोरड्या आणि खालची चूल पाण्यात, हे मला पटत नाही. ठराव झाला. आता संक्रांतीला त्या बाई आमच्याकडं हळदीकुंकवाला येतात. इतकी चांगली माणसं आसपास होती. एकजण पावसात येऊन उभं राहिल्यावर ती एकेक करून पुढं आली.

ज्यांनी गाडीची काच वर केली होती त्यांच्याबद्दलही मनात आहे ते लिहिते. त्यांना अधिकार तुमच्याइतकाच होता, काहींना जास्तच होता. पगारही होता. पायाला पाणी लावायची तयारी नव्हती. त्यामुळं एका मुलीची दहावी भिजली, आजींच्या सासूबाईंची जुनी पेटी कुजली, दोन घरं वस्ती सोडून भाड्यानं राहायला गेली ती परत आली नाहीत. हे त्यांनी वाचावं.

तुमच्या जागी आलेल्या साहेबांना आम्ही भेटलो. भिंतीच्या उत्तरेच्या टोकाची भोकं अजून उघडायची आहेत आणि मोरीच्या तोंडाशी जाळी बसायची आहे. अर्ज दिलाय. त्यांनी तारीख दिली आहे, आम्ही मागं लागलो आहोत, तुम्ही काळजी करू नका.

आजींचा निरोप आहे. पौषात हुरडा धरतील तेव्हा तुम्ही यायचं, मुक्कामाला यायचं, आणि येताना आईला घेऊन यायचं. ‘असं लेकरू घडवणारी बाई मला बघायची आहे,’ असं त्यांचेच शब्द आहेत. शेंगदाण्याची चटणी तुम्हाला आवडते हे लक्षात आहे, तिखट कमी घालायला सांगते.

तुमचीच,
खालच्या आळीतली एक, आणि सगळ्यांच्या वतीनं