उपायाआधी झाडाची ओळख हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील बागकामाच्या सदरात ‘आमच्या चाफ्याला फुले येत नाहीत, काय घालावे?’ किंवा ‘पाने पिवळी पडत आहेत, उपाय सुचवा’ अशा धाटणीचे प्रश्न नेहमी येतात. उत्तरात खताचे नाव, त्याचे प्रमाण आणि एखादी फवारणी असते. पण झाड नेमके कोणते, हे प्रश्न विचारणाऱ्याकडून आधी काढून घेतल्याचे क्वचितच दिसते. सल्ला चांगला असूनही तो चुकीच्या झाडाला लागू पडण्याची शक्यता त्यामुळे राहते, आणि म्हणूनच हे पत्र.

चाफ्याचेच घ्या. पांढरा किंवा लाल चाफा हा कण्हेरीच्या कुळातला आहे. त्याच्या फांद्या जाड व मऊ असतात, पान तोडताच पांढरा चीक येतो आणि पाने फांद्यांच्या टोकांशी गर्दी करून असतात. थंडीत किंवा कोरड्या दिवसांत तो पाने गाळून स्वस्थ उभा राहतो. अशा वेळी झाड सुकले असे समजून रोज पाणी घातले, तर मुळे कुजतात. सोनचाफ्याचे सगळेच वेगळे. त्याच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या देठाशी एक बारीक कडे उमटलेले दिसते. टोकाची कळी झाकणारे आवरण गळून पडल्याची ती खूण असते. त्याला ओलावा हवा, पण पाण्याचा निचराही हवा. मुळे दुखावलेली त्याला खपत नाहीत आणि जोरकस छाटणीही मानवत नाही. हिरवा चाफा तर सीताफळाच्या कुळातला. त्याच्या फुलाचा देठ आकड्यासारखा वळलेला असतो आणि त्या आकड्यांच्या आधाराने तो वर चढतो, म्हणून त्याला मांडव किंवा भक्कम आधार लागतो. पांढऱ्या चाफ्याची फांदी तोडून, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून लावली की सहज जगते. तोच प्रयोग सोनचाफ्यावर केल्यास बहुधा निराशाच पदरी पडते, कारण तो मुख्यतः बियांपासून किंवा कलमाने वाढवतात. तेव्हा ‘चाफ्याला काय घालावे’ या प्रश्नाला एकच एक उत्तर असूच शकत नाही.

अशोकाचीही तीच गत आहे. कुंपणालगत सरळसोट वाढणारा, लांब, लोंबत्या आणि नागमोडी काठाच्या पानांचा जो वृक्ष अशोक म्हणून लावला जातो, त्याचा खऱ्या अशोकाशी कुळाचाही संबंध नाही. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, म्हणजे एका दांड्यावर अनेक पर्णिका (छोट्या पानांसारखे भाग) असलेले असते, कोवळी पालवी तांबूस व लुळी लोंबते आणि नारिंगी फुलांचे घोस जुन्या फांद्यांवरही येतात. लहानपणी त्याला थोडी सावली आणि ओलसर माती मानवते. केवळ नावावर विसंबून तो रखरखीत जागी लावला, तर रोप खुरटते.

ओळख पटवताना फुलावर भिस्त ठेवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. फूल वर्षातून थोडे दिवस असते, पान मात्र बराच काळ समोर असते. पाने समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की एका पेरावर तीन-तीन, हे आधी पाहावे. लाल-पांढऱ्या कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या वेढ्यात येतात, तर पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, अरुंद पाने फांदीभोवती एकेक करून फिरत जातात. दोन्ही झाडे विषारी आहेत. छाटणीनंतर हात धुवावेत आणि त्यांचा पाचोळा कधीही जाळू नये. पान साधे की संयुक्त, हे ठरवण्याची खूणही सोपी आहे : पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत ती नसते. कडुनिंब आणि बकाण यांचा घोळ पानाकडे पाहूनच मिटतो. कडुनिंबाच्या पानाचा मधला दांडा एकदाच पर्णिका धरतो, तर बकाणाच्या दांड्याला पुन्हा उपदांडे फुटतात.

पिवळ्या पानांबाबतही आधी नीट पाहावे. खालची, जुनी पाने प्रथम पिवळी पडत असतील, तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडत असण्याचा संभव असतो, कारण झाड ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला पुरवते. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर रोख लोहाच्या कमतरतेकडे जातो. माती चुनखडीची असेल, तर लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. आणि कुंडी सतत ओली असेल, तर कोणतेही खत घालण्यापूर्वी पाणी थांबवावे.

एकाच कुंडीत दोन झाडे असू शकतात, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या रोपावर कळी बसवून तयार केलेल्या गुलाबात खाली एक खुंट (मुळांचे रोप) आणि वर हवी ती जात असते. जोडाच्या खालून फुटलेला जोमदार फुटवा हा त्या खुंटाचा असतो; तो वाढू दिला, तर वरची जात दबत जाते. सात पर्णिका म्हणजे रानटी आणि पाच म्हणजे चांगला, हा ठोकताळा मात्र भरवशाचा नाही, कारण बागेतल्या कित्येक गुलाबांनाही सात पर्णिका असतात. फुटवा कोठून निघाला, तेच माती बाजूला सारून पाहावे आणि तो मुळाशीच उपटून काढावा.

छाटणीचा हंगामही झाडानुसार ठरतो. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून छाटल्यावर ती अधिक फुलते. जी झुडपे गेल्या वर्षीच्या काडीवर कळ्या धरतात, ती फुलोऱ्याआधी छाटली तर त्या वर्षीची फुले जातात. वृक्षाची फांदी कापताना बुंध्याजवळचा फुगीर पट्टा शाबूत ठेवावा, कारण जखम तेथूनच भरून येते. तिच्यावर रंग फासण्याची प्रथा निरुपयोगी आहे.

छायाचित्रावरून झाड ओळखणारी मोबाइलवरील साधने कामाची आहेत, परंतु त्यांचे उत्तर हा अंदाज असतो, आणि एकट्या फुलाच्या छायाचित्रावर तो सहज फसतो. त्यांच्या भरवशावर काही तोंडात घालणे तर सर्वथा टाळावे.

म्हणून एक विनंती आहे. सदरासाठी प्रश्न मागवताना पानाच्या दोन्ही बाजू, पानांची मांडणी दिसेल अशी फांदी आणि साल यांची छायाचित्रे मागवावीत आणि उत्तरात मराठी नावासोबत शास्त्रीय नावही द्यावे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये रूढ केलेली ही दोन शब्दांची नावे अधूनमधून बदलतात, हे खरे. सोनचाफा पूर्वी मिचेलिया चंपाका होता, आता तो मॅग्नोलिया चंपाका आहे. तरीही जुन्या शास्त्रीय नावावरून नवे शोधता येते. ज्या प्रश्नात झाडाची ओळख पटत नाही, त्याला उपाय न सुचवता पुन्हा छायाचित्र मागवावे. त्यापायी उत्तर आठवडाभर लांबले, तरी वाचकांची तक्रार नसेल.

आपला,
एक नियमित वाचक