कॅलेंडरमधील अपुऱ्या अनडू सुविधेमुळे नष्ट झालेल्या नोंदींबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: पुनरावर्ती नोंदीची वेळ बदलताना पुसला गेलेला मजकूर परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

मी गेली चार वर्षे आपल्या कॅलेंडरची सशुल्क ग्राहक आहे. वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी ५ वाजता होणाऱ्या फिजिओथेरपीची पुनरावर्ती नोंद मी त्यात केली होती. प्रत्येक सत्र संपले की गुडघा किती अंशांपर्यंत वाकला, काठीशिवाय किती पावले टाकली, रात्री दुखले का, हे सारे मी त्या त्या तारखेच्या नोंदीखाली लिहून ठेवत असे. सात महिन्यांचा हा मजकूर गेल्या आठवड्यात क्षणात पुसला गेला.

सत्राची वेळ ५ ऐवजी ६ झाल्याने मी नोंद उघडून वेळ बदलली. ‘फक्त ही नोंद’ की ‘सर्व नोंदी’ असे विचारले गेले, तेव्हा ‘सर्व नोंदी’ निवडले. वेळ बदलल्याने मजकूर जाईल, अशी सूचना कोठेही आली नाही. मागच्या तारखा रिकाम्या दिसताच मी खालच्या पट्टीतील ‘अनडू’ (केलेला बदल मागे घेण्याचे बटण) दाबले. वेळ पुन्हा ५ झाली, मजकूर मात्र आला नाही. पुन्हा अनडू करायला गेले, तर पट्टी नाहीशी झाली होती आणि कंट्रोल-झेडचाही उपयोग झाला नाही. शेजारी ठेवलेल्या फोनवर मंगळवारची नोंद उघडीच होती. ‘काठीशिवाय अकरा पावले’ ही ओळ तेथे अजून दिसत होती. ती उतरवून घ्यावी म्हणून फोन हातात घेतला, तोच सिंक झाले, म्हणजे दोन्ही उपकरणांवरील नोंदी आपोआप एकसारख्या झाल्या, आणि तीही ओळ गेली.

आपल्या प्रतिनिधींनी मला सांगितले की, नोंदी सर्व उपकरणांवर सिंक होत असल्याने त्या सुरक्षित असतात. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणची चूक ते तितक्याच तत्परतेने दुसऱ्या ठिकाणी पोहोचवते, आणि माझ्या बाबतीत नेमके तेच घडले.

यामागचे कारण तांत्रिक असेल, तरी ते अनपेक्षित नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५५४५ या आयकॅलेंडर मानकानुसार (कॅलेंडरच्या नोंदी कोणत्या स्वरूपात लिहाव्यात, हे ठरवणाऱ्या तांत्रिक नियमावलीनुसार), मालिकेतील एखाद्या दिवसाचा स्वतंत्रपणे बदललेला तपशील मूळ तारीख-वेळेच्या खुणेने मालिकेशी जोडलेला असतो. मूळ वेळ बदलली की त्या खुणा जुळेनाशा होतात, त्यामुळे त्या नव्याने जुळवून घेणे किंवा निदान ग्राहकाला आधी सावध करणे ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची जबाबदारी ठरते. शिवाय अनडू म्हणजे आधीची स्थिती जशीच्या तशी परत आणणे. वेळ परत आणून मजकूर टाकून देणाऱ्या बटणाला ते नाव देणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद डिलीट केली असती, तर ती ३० दिवस कचरापेटीत राहिली असती. बदललेल्या नोंदीला मात्र तेवढेही संरक्षण नाही.

आपल्या सर्व्हरच्या बॅकअपमध्ये माझ्या खात्याची त्या दिवसापूर्वीची प्रत असेल, तर ती पुसली जाण्याआधी वेगळी काढून ठेवावी आणि तीतील ही एक मालिका मला आयसीएस फाइलच्या (कॅलेंडरच्या नोंदी साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात पाठवावी. सध्याच्या नोंदींवर ती परस्पर चढवू नये, कारण त्यानंतर मी नव्या भेटी नोंदवल्या आहेत. तसेच अनेक पायऱ्या मागे जाणारे अनडू आणि मालिका बदलण्यापूर्वी स्पष्ट इशारा या सुविधा केव्हा देणार, हे लेखी कळवावे.

वडिलांची शल्यविशारदांकडील पुढील तपासणी या महिन्याच्या अखेरीस आहे आणि त्यांना दाखवण्यासाठी मला या नोंदी हव्या आहेत. त्यामुळे प्रत उपलब्ध आहे की नाही, एवढे तरी आठ दिवसांच्या आत कळवावे, ही विनंती. खात्याचा तपशील आणि रिकाम्या नोंदींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक